प्रकाशाचा उपचार आणि बाबांचे राहिलेले डोस

वाचकाचे पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षे पेंट शॉपमध्ये काम केले. गेल्या वर्षी ऐन गणपतीत त्यांच्या लघवीतून रक्त गेले. दुखले काहीच नाही, म्हणून त्यांनी आठवडाभर कोणाला सांगितलेही नाही. मूत्राशयातील, म्हणजे लघवीच्या पिशवीतील, कर्करोगाची गाठ दुर्बिणीतून खरवडून काढली, सहा आठवड्यांच्या आत तीच शस्त्रक्रिया पुन्हा केली. रिपोर्टमध्ये ‘हाय ग्रेड, टी-१, सोबत कार्सिनोमा इन सिटू, नमुन्यात स्नायू आहे, स्नायूत शिरकाव नाही’ असे लिहिले आहे. त्यानंतर आठवड्याला एक असे पिशवीत सोडायच्या बीसीजी या औषधाचे सहा डोस झाले. तीन महिन्यांची दुर्बीण तपासणी स्वच्छ आली, लघवीतील पेशींची तपासणीही स्वच्छ आली. आता डॉक्टर आणखी तीन डोस, आणि पुढे तीन वर्षांपर्यंत अधूनमधून डोस घ्यायला सांगतात. बाबांना प्रत्येक डोसनंतर दोन दिवस इतकी जळजळ होते, की ते ‘आता बास’ म्हणतात. माझ्या मावसभावाने एक व्हिडिओ पाठवला आहे. त्यात औषध पिशवीत सोडून निळ्या प्रकाशाने कॅन्सर जाळतात, एका बैठकीत काम होते, असे सांगितले आहे. दुसऱ्या शहरातील एक केंद्र हा उपचार करते म्हणतात, आणि तीन लाख रुपये आगाऊ मागतात. बाबांना सगळ्यात जास्त भीती वाटते ती पिशवी काढून टाकण्याची. बीसीजी थांबवून प्रकाशाचा उपचार घ्यावा का?

– एक कन्या, कोथरूड

उत्तर

ताई, आधी थेट उत्तर देतो, कारण पुढचा डोस पंधरवड्यावर आलेला असणार. बीसीजी थांबवू नका, आणि त्या केंद्रात एक रुपयाही आगाऊ भरू नका. प्रकाशाने जागे होणारे औषध ही कल्पना खोटी नाही. तिच्यामागे गंभीर विज्ञान आहे आणि मला स्वतःला तिच्याविषयी आशा वाटते. पण ती ज्या रुग्णांसाठी तपासली जात आहे, त्यांत तुमचे बाबा आज बसत नाहीत, आणि ते त्यांत बसत नाहीत ही तुमच्या घरासाठी चांगली बातमी आहे. असे का म्हणतो, ते जरा सविस्तर सांगतो.

रिपोर्टपासून सुरुवात करू. मूत्राशयाच्या भिंतीला आतून एक पातळ अस्तर असते, त्याखाली सैल पेशीजालाचा थर असतो आणि त्याखाली जाड स्नायू असतो. हाय ग्रेड म्हणजे लवकर पसरू शकणाऱ्या आक्रमक पेशी. टी-१ म्हणजे गाठ अस्तर ओलांडून मधल्या थरापर्यंत गेली आहे, स्नायूपर्यंत नाही. कार्सिनोमा इन सिटू, ज्याला डॉक्टर थोडक्यात सीआयएस म्हणतात, तो अस्तरातच पसरलेला सपाट कर्करोग असतो. त्याची गाठ होत नाही, लाल मखमलीसारखा डाग दिसतो आणि कधी तोही दिसत नाही, म्हणून तो खरवडून पूर्ण काढता येत नाही. बाबांचा आजार ‘सुरुवातीचा’ आहे हे खरे असले, तरी हाय ग्रेड, टी-१ आणि सीआयएस हे तिन्ही एकत्र आले की तो सर्वांत जास्त जोखमीच्या गटात मोजला जातो. ‘नमुन्यात स्नायू आहे’ हे तुम्ही पत्रात लिहिलेत, ते मला फार मोलाचे वाटले. नमुन्यात स्नायूच आला नसेल तर ‘स्नायूत शिरकाव नाही’ या वाक्याला काही आधार उरत नाही. तुमच्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा खरवडून तेही पक्के करून घेतले आहे. काम नीट झाले आहे.

आता बीसीजी. ही तीच क्षयाविरुद्धची लस आहे, जी आपल्याकडे बाळाच्या डाव्या दंडावर टोचतात. फरक इतकाच, की इथे अशक्त केलेले हे जिवंत जंतू कितीतरी मोठ्या मात्रेत नळीतून मूत्राशयात सोडतात. अस्तराशी त्यांचा संबंध आला की शरीराची प्रतिकारशक्ती तिथे धावून येते आणि कर्करोगाच्या पेशीही तिच्या तावडीत सापडतात. कॅनडातील मोरालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये या उपचाराचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले, आणि पन्नास वर्षांनंतरही या गटातील आजारासाठी पहिला उपचार तोच आहे. जगातल्या अनेक देशांत गेल्या काही वर्षांत मूत्राशयासाठीच्या बीसीजीचा तुटवडा पडला आणि रुग्णांना डोससाठी ताटकळावे लागले. आपल्या पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट मात्र हे औषध स्वतः तयार करते. बाबांना हे जरूर सांगा. जे औषध नकोसे झाले आहे, ते इतरांना मागूनही मिळत नव्हते.

तीन महिन्यांची तपासणी स्वच्छ आली याचा अर्थ बीसीजी लागू पडले. मग पुढचे डोस कशासाठी, हा बाबांचा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतील एका मोठ्या तुलनात्मक चाचणीत काही रुग्णांना फक्त पहिले सहा डोस दिले, आणि इतरांना त्यानंतर ३, ६, १२, १८, २४, ३० आणि ३६ महिन्यांनी तीन-तीन डोस दिले. त्या चाचणीचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. आजार पुन्हा न उद्भवता गेलेला मध्यक काळ पहिल्या गटात ३५.७ महिने होता, तर दुसऱ्या गटात ७६.८ महिने, म्हणजे दुपटीहून अधिक. त्याच चाचणीत त्रासामुळे फार थोड्या रुग्णांना सगळे डोस पूर्ण करता आले, हेही खरे आहे, आणि तरीही फायदा इतका दिसला. म्हणून बाबांना ‘सगळे २७ डोस घ्यावेच लागतील’ असे धाकात सांगू नका. हे तीन घेऊ, मग पुढच्या तिनांचे बघू, असे सांगा.

आता ज्यासाठी तुम्ही पत्र लिहिलेत, त्या प्रकाशाकडे वळतो. कोडाच्या डागावर बावचीचा लेप लावून उन्हात बसण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. नुसत्या बावचीने काही होत नाही, नुसत्या उन्हानेही नाही, दोन्ही एकत्र आले की त्वचेत बदल होतो. तिची आतली क्रिया वेगळी असली तरी तत्त्व ओळखीचे वाटावे म्हणून तिची आठवण काढली. कर्करोगावरील प्रकाश-उपचारात तीन गोष्टी लागतात: प्रकाश शोषून घेणारे औषध, त्या औषधाला साजेशा रंगाचा प्रकाश, आणि पेशीतला ऑक्सिजन. औषध एकटे असताना जवळजवळ निरुपद्रवी असते. प्रकाश पडला की ते ती ऊर्जा ऑक्सिजनला देते, आणि तो ऑक्सिजन क्षणभर इतका क्रियाशील होतो, की ज्या पेशीत तो तयार झाला त्याच पेशीचे आवरण आणि आतले भाग तो मोडून टाकतो. त्याचे आयुष्य सेकंदाच्या अगदी लहान अंशाचे असते, त्यामुळे तो शेजारच्या पेशीपर्यंतही फारसा पोहोचत नाही. म्हणजे औषध कर्करोगाच्या पेशींत जास्त साठले आणि प्रकाश हवा तिथेच पडला, तर मारही नेमका तिथेच बसतो. ‘जाळतात’ हा शब्द व्हिडिओवाल्यांचा आहे. इथे उष्णतेने काही जाळले जात नाही.

मूत्राशय या उपचाराला सोयीचे वाटावे अशीच त्याची रचना आहे. पोकळ अवयव, आत जायला नैसर्गिक वाट, आजार आतल्या पृष्ठभागावर. औषध नळीने आत सोडता येते, पाणी भरून पिशवी फुगवली की घड्या उलगडतात, आणि मधोमध ठेवलेल्या तंतूतून चहूबाजूंना प्रकाश फेकता येतो. दिसणारे आणि न दिसणारे सगळे डाग एकाच वेळी उजळून निघतात, आणि सीआयएससारख्या पसरट आजारात नेमके हेच हवे असते.

मग हा उपचार इतकी वर्षे मागे का पडला? डॉ. केली आणि डॉ. स्नेल यांनी मूत्राशयाच्या कर्करोगात अशा औषधाचा वापर १९७६ मध्येच मांडला होता, बीसीजीचा निबंध आला त्याच वर्षी आणि त्याच नियतकालिकात. १९९३ मध्ये कॅनडाने फोटोफ्रिन नावाच्या औषधाला मान्यता दिली. या पद्धतीच्या औषधाला कर्करोगासाठी मिळालेली ती जगातली पहिली मान्यता, आणि तीही मूत्राशयाच्याच आजारासाठी. पण फोटोफ्रिन शिरेतून द्यावे लागते, ते सगळ्या शरीरात पसरते आणि त्वचेत महिनाभर किंवा त्याहूनही अधिक काळ रेंगाळते. तेवढे दिवस रुग्णाला ऊन सोसत नाही, अंग भाजल्यासारखे होते. पुण्यात चैत्र-वैशाखात दुपारी बारा वाजता गॅलरीत उभे राहण्याचीही चोरी झाली, अशी कल्पना करा. याहून गंभीर अडचण आतली होती. त्या औषधाला लाल प्रकाश लागतो आणि लाल प्रकाश खोल जातो. तो अस्तर ओलांडून स्नायूत पोहोचला की तिथेही इजा होते, आणि काही रुग्णांची पिशवी कायमची आक्रसून गेली. जी वाचवायची तीच निकामी झाली. बीसीजी जवळ असताना डॉक्टर या वाटेला कमी गेले, यात आश्चर्य नाही.

आता जे नवे चालले आहे ते या दोन चुका टाळण्याचा प्रयत्न आहे. टोरांटोच्या थेरालेज कंपनीने रुथेनियम या धातूवर आधारलेले एक औषध चाचणीला आणले आहे. ते शिरेतून न देता नळीने मूत्राशयात सोडतात, सुमारे तासभर ठेवतात, मग पिशवी धुऊन घेतात आणि भूल देऊन आत हिरवा लेझर प्रकाश टाकतात. हिरवा प्रकाश उथळ जातो, त्यामुळे स्नायूला धोका कमी, आणि औषध रक्तात फारसे उतरत नसल्याने उन्हाचाही प्रश्न मोठा राहत नाही. पहिल्या टप्प्यात सहा रुग्णांवर सुरक्षितता पाहिली गेली. दुसऱ्या टप्प्यात बीसीजी अपयशी ठरलेले सीआयएसचे रुग्ण घेतले, पहिला उपचार आणि १८० दिवसांनी दुसरा, अशी त्याची आखणी आहे. एका बैठकीत काम झाले, असे तिथेही कोणी म्हणत नाही. कंपनीने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार मूत्राशय कधी ना कधी पूर्ण स्वच्छ आढळलेल्या रुग्णांचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि वर्ष-सव्वा वर्षानंतरही स्वच्छ राहिलेल्यांचे प्रमाण त्याहून कमी आहे. या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नाही, त्यामुळे हा उपचार इतर उपचारांहून सरस आहे की नाही, हे या आकड्यांवरून ठरवता येत नाही. तरीही बीसीजी हरल्यावर ज्यांच्यापुढे पिशवी काढण्याखेरीज फारसे मार्ग उरत नाहीत, त्यांच्यासाठी हे आकडे मन उभारी घेईल असे आहेत, असे माझे मत आहे.

मघाशी मी बाबा त्या गटात बसत नाहीत असे म्हटले, त्याचे कारण आता स्पष्ट होईल. ‘बीसीजी अपयशी’ हा शब्द डॉक्टर सैलपणे वापरत नाहीत. पहिल्या सहापैकी किमान पाच डोस आणि त्यानंतरचे किमान दोन डोस झाल्यावरच बीसीजी पुरेसे दिले असे साधारणपणे धरतात. तेवढे होऊनही शेवटच्या डोसपासून वर्षभराच्या आत सीआयएस दिसला, किंवा सहा महिन्यांच्या आत हाय ग्रेड गाठ पुन्हा आली, तर आजाराने बीसीजीला दाद दिली नाही असे म्हणतात. हाय ग्रेड टी-१ गाठ पहिल्या सहा डोसनंतरच्या तपासणीत पुन्हा सापडली, तर पुढे वाट पाहत नाहीत. बाबांच्या बाबतीत यातले काहीच घडलेले नाही. लागू पडलेले औषध अर्ध्यावर सोडून, ज्याचा अभ्यास वेगळ्याच रुग्णांवर चालू आहे असा उपचार घेणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे धावणे होईल.

व्हिडिओतल्या निळ्या प्रकाशाबद्दलही एक खुलासा करतो, कारण इथे माझी शंका पक्की होते. मूत्राशयात निळा प्रकाश वापरतात तो मुख्यतः निदानासाठी. हेक्सामिनोलेव्हुलिनेट नावाचे औषध तासभर आधी आत सोडले, की निळ्या प्रकाशात कर्करोगाच्या पेशी लाल-गुलाबी चमकतात आणि साध्या पांढऱ्या प्रकाशात निसटणारे सपाट डाग सापडतात. ही तपासणी चांगली आहे आणि युरोप-अमेरिकेत रूढही आहे. पण ती आजार दाखवते, बरा करत नाही. ते केंद्र निदानाची चित्रे दाखवून उपचाराचे पैसे मागत असावे, असे मला वाटते.

त्यांना एकच गोष्ट लेखी विचारा: हा उपचार चाचणीचा भाग आहे का, आणि असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीतील त्याचा नोंदणी क्रमांक काय? आपल्या देशात २००९ पासून चाचण्यांची या रजिस्ट्रीत आगाऊ नोंद करणे बंधनकारक आहे आणि ती संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. खऱ्या चाचणीत नीतिशास्त्र समितीची मंजुरी असते, समजेल अशा भाषेत संमतीपत्र असते, चाचणीचे औषध रुग्णाने विकत घ्यायचे नसते, आणि चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार व भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. जिथे क्रमांक नाही पण तीन लाखांची पावती तयार आहे, तिथून परत फिरा.

बाबांची जळजळ हा मात्र खरा प्रश्न आहे, आणि ‘सहन करा’ हे त्याचे उत्तर नव्हे. डोसनंतर एक-दोन दिवस जळजळ, वारंवार लघवी, थोडी कणकण हे अपेक्षित असते, कारण ज्या दाहाने औषध काम करते तोच दाह त्रासही देतो. पण डॉक्टरांना हे नेमके सांगितले आहे का? पुष्कळदा ज्येष्ठ माणसे दवाखान्यात ‘ठीक आहे’ म्हणतात आणि घरी येऊन कण्हतात. प्रत्येक डोसनंतर किती तास त्रास झाला, ताप किती होता, रात्री किती वेळा उठावे लागले, हे वहीत लिहा आणि पुढच्या वेळी दाखवा. पिशवीचा आकडीसारखा ताण कमी करणारी औषधे आहेत, एखादा डोस आठवडाभर पुढे ढकलता येतो, मात्रेतही बदल करता येतो. परस्पर अँटिबायोटिक मात्र देऊ नका, कारण त्यांतली काही बीसीजीच्या जंतूंनाच मारतात. लघवीत संसर्ग असेल, उघड रक्त जात असेल किंवा नळी घालताना जखम झाली असेल, तर त्या दिवशी डोस घ्यायचा नसतो. आणि ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप दोन दिवसांहून अधिक टिकला, खोकला किंवा सांधेदुखी सुरू झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, कारण जंतू क्वचित शरीरात पसरतात आणि तेव्हा क्षयाची औषधे द्यावी लागतात. डोसनंतर सहा तास बाबांनी बसूनच लघवी करावी आणि प्रत्येक वेळी भांड्यात ब्लीच टाकून पंधरा मिनिटांनी पाणी सोडावे. घरात लहान नातवंडे असतील तर याकडे विशेष लक्ष द्या.

पिशवी काढण्याच्या भीतीविषयी मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. या गटातल्या आजारात बीसीजी खरोखर हरले, तर मूत्राशय काढणे हाच आजही सर्वांत खात्रीचा उपचार आहे, आणि तो टाळत राहिल्याने आजार स्नायूत शिरला तर वेळ निघून गेलेली असते. पण पूर्वीसारखा तो एकमेव मार्ग राहिलेला नाही. ज्यांना ती शस्त्रक्रिया झेपत नाही किंवा नको असते, त्यांच्यासाठी जेमसिटाबीन आणि डोसिटॅक्सेल ही दोन औषधे एकामागून एक पिशवीत सोडण्याची पद्धत आहे, आणि ही औषधे भारतात सहज मिळतात. पेम्ब्रोलिझुमॅबला अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये या कामासाठी मान्यता मिळाली, पण त्याचा खर्च आपल्यासारख्या घरांना पेलणारा नाही. प्रकाशाचा उपचार पुढे मान्य झाला, तर त्याची जागा याच रांगेत असेल. तेव्हा बाबांची पिशवी आज जर कशाने वाचणार असेल, तर ती त्यांना नकोशा झालेल्या त्या डोसांनीच.

मनात शंका उरली असेल तर दुसरे मत जरूर घ्या, पण व्हिडिओकडून नको. रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागातून बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ते रुग्णाला मिळतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात ते पुन्हा वाचून घेता येतात. खर्चाची ओढाताण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत यातले काय बसते, ते योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, तरी विचारतो. बाबा विडी-सिगारेट ओढत होते का, आणि अजून एखादी ओढतात का? पेंटच्या धंद्यातील रसायनांनी हा आजार होऊ शकतो आणि त्याला वीस-तीस वर्षेही लागू शकतात, तो काळ आता बदलता येणार नाही. पण मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर आहे. त्यातली घातक द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि तासन्‌तास त्याच अस्तराला भिजवत राहतात. दिवसाला दोन विड्याही यात थोड्या नव्हेत. सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे.

हे उत्तर बाबांना स्वतः वाचू द्या. पत्र तुम्ही लिहिलेत, काळजी तुमची आहे, पण नळी त्यांच्या अंगात जाते आणि निर्णयही त्यांचाच आहे. पुढचे तीन डोस आणि त्यानंतरची दुर्बीण तपासणी झाली, की रिपोर्टची प्रत मला पाठवा. त्यात सीआयएस पुन्हा दिसलाच, तर त्या वेळी कोणकोणत्या चाचण्या नोंदणीत आहेत आणि बाबा त्यांत बसतात का, हे आपण मिळून पाहू.